कृमी, कालवा आणि कुलवृत्तान्त

एखाद्या रोगाचे कारण सापडले म्हणजे त्याविषयीची जिज्ञासा शमली, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु वैद्यकाच्या इतिहासात कित्येकदा कारण हाती येते न येते तोच त्याच्या पाठीशी दडलेला दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न समोर उभा ठाकलेला आहे. इजिप्तमधील मूत्राशयाचा कर्करोग हा अशा दुसऱ्या प्रश्नाचा अत्यंत बोलका दाखला होय. तो कशाने होतो हे ठाऊक होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली; नाईलच्या पाण्यात वाढणारा एक कृमी माणसाच्या शिरांत वस्तीला येतो, मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालतो आणि कालांतराने त्याच भिंतीतून अर्बुद उगवते, इतके कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळते. परंतु ज्या गावात बहुतेक सर्व मुलांना हा कृमी लागलेला असे, त्याच गावात कर्करोगाने दगावणारे मोजकेच असत, आणि बाकीचे तेच पाणी, तीच भाकरी आणि तेच कृमी अंगावर वागवून म्हातारे होत. ह्या मोजक्यांत आणि बाकीच्यांत भेद तो काय, त्यापैकी किती भाग जन्माबरोबर आलेला आणि किती भाग पुढे आयुष्याने चढवलेला, हा ह्या ग्रंथाचा विषय आहे.

कृमीची ओळख प्रथम करून दिली पाहिजे. १८५० साली थिओडोर बिल्हार्झ नावाचा पंचविशीतला जर्मन वैद्य आपले गुरू ग्रीझिंगर ह्यांच्यासमवेत कैरोस आला आणि तेथील कस्र अल्-ऐनी इस्पितळात शवविच्छेदनाच्या कामास लागला. दुसऱ्याच वर्षी एका प्रेताच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत त्याला पांढरे, बारीक, लांबट कृमी आढळले. आणि त्यांतील नराच्या अंगाच्या पन्हळीत मादी जन्मभर वास्तव्य करते हे त्याने पाहिले तेव्हा आपण काहीतरी अपूर्व पाहिले आहे, ही जाणीव त्याने जर्मनीतील आपले प्राध्यापक फॉन झीबोल्ड ह्यांना धाडलेल्या पत्रांतून लपून राहिलेली नाही. पुढे ह्या जातीस शिस्टोसोमा हिमॅटोबियम हे नाव रूढ झाले, परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते बिल्हार्झियाच. बिल्हार्झ स्वतः १८६२ साली, चाळिशीही न गाठता, कैरोतच मरण पावला. आपण शोधलेला कृमी पाण्यातून माणसात शिरतो कसा, हे कोडे त्याच्या हयातीत सुटले नाही. ते सोडवले रॉबर्ट लायपर ह्याने १९१५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिश फौजेला ह्या व्याधीपासून वाचवण्याची तजवीज करण्यासाठी सरकारने त्याला इजिप्तला पाठवले तेव्हा. लघवीवाटे बाहेर पडलेले अंडे गोड्या पाण्यात फुटते, त्यातून निघालेला सूक्ष्म जीव बुलिनस जातीच्या गोगलगायीत शिरतो, तिच्या पोटात आपली संख्या अनेक पटींनी वाढवतो, आणि मग शेपटीधारी असंख्य अळ्यांच्या रूपाने पाण्यात उतरून, त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची अखंड त्वचा भेदून आत येतो. पाणी पिण्याची देखील गरज नाही. पाय भिजले म्हणजे पुरे.

येथवर हा प्राणिशास्त्राचा विषय आहे. त्याला कर्करोगशास्त्रात आणण्याचे श्रेय मुख्यतः फर्ग्युसन नावाच्या, कैरोतच विकृतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकास द्यावे लागते. मूत्राशयाच्या प्राथमिक कर्करोगाची ४० प्रेते त्याने तपासली आणि १९११ मध्ये कृमी व अर्बुद ह्यांची सांगड निःसंदिग्ध शब्दांत घातली. ती सांगड आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली ह्या कृमीची गणना मानवातील निश्चित कर्करोगकारकांत केली. इतर देशांत मूत्राशयाचा कर्करोग बहुधा मूत्रमार्गाच्या मूळ अस्तरातील पेशींपासून उद्भवतो आणि त्याचे रोगी साठी-सत्तरीचे असतात. इजिप्तमध्ये मात्र तो शल्की पेशींचा, म्हणजे त्वचेच्या पेशींसारखे रूप धारण केलेल्या पेशींचा असे, आणि तो चाळिशी-पन्नाशीतल्या कर्त्या पुरुषास गाठी. कृमीची जी अंडी बाहेर पडण्याची वाट चुकून भिंतीतच अडकतात, त्यांच्याभोवती दाह धुमसतो, ऊतके तंतुमय होतात, चुना साचतो, आणि दुखावलेले अस्तर आपला स्वभाव पालटून शल्की बनते. अशा दहा-वीस वर्षांच्या पीडेनंतर त्या अस्तराच्या एखाद्या कोपऱ्यात पेशींवरचा अंमल सुटतो.

हा सगळा मामला केवळ निसर्गाचा असता, तर प्रवणतेची चर्चा तुलनेने सोपी झाली असती. परंतु इजिप्तच्या रयतेला ह्या कृमीचा संसर्ग किती व्हावा, हे शेवटी पाटबंधाऱ्यांच्या खात्याने ठरवले. प्राचीन काळापासून नाईलचे पुराचे पाणी वर्षातून एकदा शेतांच्या मोठ्या वाफ्यांत घेण्याची वहिवाट होती. पीक आले की जमीन तडकून कोरडी पडे आणि गोगलगायींपैकी बहुतेक मरून जात. एकोणिसाव्या शतकात मुहंमद अलीच्या अमदानीपासून कापसाच्या हव्यासापायी बारमाही कालव्यांची पद्धत सुरू झाली, १९०२ मध्ये अस्वानचे पहिले धरण उभे राहिले, आणि कालव्यांतून वर्षभर पाणी वाहू लागले. त्याचा परिणाम मुहंमद खलील आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दक्षिण इजिप्तच्या काही भागांत मोजून ठेवला आहे: बारमाही पाणी येण्यापूर्वी जेथे दोन ते अकरा टक्के लोकांना हा संसर्ग होता, तेथे तीनच वर्षांत तो चव्वेचाळीस ते पंचाहत्तर टक्क्यांवर गेला. हे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत. ती तीन वर्षे संपली तेव्हा त्या भागातील एकाही कुटुंबाच्या रक्तात काहीएक पालट झालेला नव्हता.

आता रसायनाकडे वळू. कृमी स्वतः कोणती विषे निर्माण करतो ह्याचा तपास अद्याप चालू असला, तरी त्याने केलेल्या जखमेच्या आश्रयाने काय घडते ह्याचे चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. मूत्राशयाची भिंत आखडल्यामुळे लघवी तुंबते. तुंबलेल्या लघवीत जीवाणू ठाण मांडतात. हे जीवाणू अन्नातून व पाण्यातून आलेल्या नायट्रेटांचे नायट्राइट करतात आणि त्यांपासून नायट्रोसामाइने तयार होतात. ती कर्करोगकारकांच्या यादीत फार वरच्या क्रमांकावर आहेत, आणि बिल्हार्झियाच्या रोग्यांच्या लघवीत त्यांचे प्रमाण अधिक आढळते. दुसरीकडून, अंड्यांवर तुटून पडलेल्या श्वेतपेशी नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजनाची प्रक्षुब्ध संयुगे सोडतात. शत्रूसाठी पेटवलेली ही भट्टी घराच्या भिंतीलाही भाजून काढते. ह्या दोन्ही प्रकारच्या माऱ्याचे ठसे डीएनएवर उमटतात. इजिप्तमधील बिल्हार्झियाशी निगडित अर्बुदांत पी-५३ ह्या रखवालदार जनुकाची जी उत्परिवर्तने आढळली, त्यांत सिगारेट ओढणाऱ्या पाश्चात्त्य रोग्यांच्या तुलनेने एका विशिष्ट जातीच्या बदलांचे प्रमाण अधिक होते. विशेषतः ज्या ठिकाणी सायटोसीन व ग्वानीन ही अक्षरे लागोपाठ येतात, तेथे. नायट्रिक ऑक्साइडने अथवा नायट्रोसामाइनांनी केलेल्या इजेकडून तशाच बदलांची अपेक्षा करता येते. दाव्यात गुन्हेगाराचा हात दाखवणारा असा पुरावा क्वचितच मिळतो.

ह्या विषांना निकामी करणे अथवा उलट अधिक तिखट करणे हे शरीरातील विकरांचे काम आहे, आणि ह्या विकरांचे आराखडे माणसागणिक वेगळे असतात. येथे कुलवृत्तान्ताचा प्रवेश होतो. जीएसटीएम-१ नावाचे एक जनुक पहिल्या गुणसूत्रावर असते, निदान असावयास हवे. परंतु अनेक मानवसमूहांत, इजिप्तवासीयांतही, सुमारे निम्म्या लोकांत ते आई व बाप अशा दोघांकडूनही गाळूनच आलेले असते, आणि त्या लोकांच्या पेशींत ग्लुटाथायोनाच्या साहाय्याने विषे बांधून बाहेर काढणारे एक विकर मुळात तयारच होत नाही. त्याचा सोबती जीएसटीटी-१ हाही असाच कित्येकांत गैरहजर असतो. आठव्या गुणसूत्रावरील एनएटी-२ हे जनुक एका विकराचे मान ठरवते: काहींत ते झपाट्याने काम करते, काहींत संथपणे. वगीदा अन्वर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९६ साली इजिप्तच्या मूत्राशय-कर्करोगाच्या रोग्यांत जीएसटीएम-१ गळालेल्यांचे प्रमाण निरोगी लोकांपेक्षा बरेच अधिक असल्याचे दाखवले, आणि दोन वर्षांनी त्याच गटाशी संबंधित संशोधकांनी जीएसटीटी-१ विषयीही तसाच निष्कर्ष मांडला. त्या पाहण्या लहान होत्या आणि त्यांच्या आकड्यांवर मोठी इमारत उभारणे शहाणपणाचे नव्हे. परंतु एकदा ही दिशा मिळाल्यावर विकरांची यादी वाढतच गेली, आणि कोठल्याही यादीचे होते तेच हिचेही झाले: काही नावे टिकली, काही पुढच्या मोठ्या तपासात गळून पडली.

प्रवणता म्हणजे वास्तविक काय हे समजून घ्यावयाचे तर वाचकास थोडा वेळ नाईलचा काठ सोडून जर्मनीतील रंगाच्या कारखान्यांत यावे लागेल. १८९५ साली फ्रँकफुर्टचा शल्यवैद्य लुडविग रेन ह्याने फुक्सीन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे जाहीर केले, आणि त्यातून सुगंधी अमाइनांचा कर्करोगाशी संबंध उघडकीस आला. पुढे १९८२ साली इंग्लंडमध्ये असे दिसून आले की रंगउद्योगात काम केलेल्या रोग्यांत संथ एनएटी-२ वाल्यांचा भरणा फारच मोठा होता. संथ विकर विषाला वेळेवर निकामी करीत नाही, म्हणून धोका वाढतो, असा सरळ हिशेब मांडला गेला आणि तो बरोबरही होता. परंतु १९९३ मध्ये चीनमधील बेंझिडीन नावाचे सुगंधी अमाइन हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी झाली तेव्हा संथ विकराने धोका वाढत नाही असे निष्पन्न झाले. कारण बेंझिडीनाचा मार्गच निराळा, त्यावर होणारी तीच प्रक्रिया विष मारण्याऐवजी त्याला धार लावण्याच्या कामी येऊ शकते. जनुक तेच, अवयव तोच, रोगही तोच, आणि विष बदलले म्हणून न्याय बदलला. तेव्हा एखाद्या जनुकाला नुसते वाईट अथवा चांगले म्हणण्यास काही अर्थ उरत नाही. ते कशाच्या समोर वाईट, हे विचारल्याखेरीज उत्तर अपुरेच राहते. इजिप्तच्या फल्लाहांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या, बाबतीत तर समोर एकच विष नव्हते. नायट्रोसामाइने होती, दाहातून निर्माण झालेली संयुगे होती, आणि पुरुषांच्या बाबतीत सिगारेट व पाण्याचा हुक्काही होता. स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी आढळे ह्याचे कारण काहींनी घडणीत शोधले; परंतु कालव्यात गुडघाभर उतरून शेत भिजवणारा आणि हुक्क्याची नळी तोंडात धरून बसणारा कोण होता, हे पाहिले म्हणजे गुणसूत्रांकडे घाईने जाण्याची गरज उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रवणतेचा आणखी एक थर आहे आणि तो कर्करोगाच्याही अगोदरचा आहे. कृमी सर्वांना सारख्याच संख्येने लागत नाही. एकाच ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांत एकीच्या अंगात दोन-चार जोड्या असतात, दुसरीच्या अंगात शेकडो. आणि मूत्राशयाची भिंत किती बिघडावी हे अंड्यांच्या ओझ्यावर अवलंबून असल्यामुळे, जो कोणी अधिक कृमी पोसतो तो त्या वाटेने अधिक पुढे जातो. फ्रेंच संशोधक आलँ देसँ ह्यांच्या गटाने १९९६ साली ब्राझीलमधील कुटुंबांची छाननी करून संसर्गाची तीव्रता ठरवणारा एक घटक पाचव्या गुणसूत्राच्या अशा भागात असल्याचे दाखवले, की जेथे प्रतिकारशक्तीचे अनेक संदेशवाहक एकत्र नांदतात. तेथील कृमी आतड्यांत अंडी घालणारी बहीणजात होती. परंतु पुढे मालीतील दोगोन लोकांत, मूत्राशयाच्या ह्याच कृमीसंबंधाने, इंटरल्यूकिन-१३ ह्या संदेशवाहकाच्या जनुकातील एका फरकाचा संसर्गाच्या प्रमाणाशी संबंध आढळला, आणि ते जनुकही पाचव्या गुणसूत्राच्या त्याच भागात आहे. म्हणजे एकाच माणसाच्या वारशात दोन वेगळे दस्तऐवज असू शकतात: एक त्याच्या अंगात किती कृमी नांदतील हे सांगणारा, आणि दुसरा त्या कृमींनी उभारलेल्या विषांचा निपटारा तो कितपत करील हे सांगणारा. ह्या दोघांची गल्लत केल्यामुळे पुष्कळ वाद निष्कारण झाले आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांत एखादे जनुकरूप अधिक आढळले तर ते कर्करोगाला अनुकूल की केवळ संसर्गाला अनुकूल, हे तुलनेसाठी निवडलेले निरोगी लोक तितक्याच कृमींनी ग्रासलेले होते की नाही ह्यावर ठरते. आणि निरोगी पन्नाशीच्या माणसास पोरपणी किती कृमी लागले होते हे विचारण्यास त्याच्या जबानीखेरीज दुसरे साधन बहुधा हाती नसते; लघवीतले रक्त हे जेथे सगळ्याच मुलांना दिसे, तेथे ते कोणी आजार म्हणून लक्षात ठेवीत नाही.

मराठी वाचकास हा सर्व प्रपंच परमुलखातला वाटण्याचा संभव आहे. म्हणून एका गावाची आठवण येथे करून देतो. १९५२ साली गाडगीळ व शाह ह्या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्राशयाच्या बिल्हार्झियाचे केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले, आणि पुढे तेथील पाण्यातली फेरिसिया नावाची, टोपीसारख्या कवचाची चिमुकली गोगलगाय त्याची वाहक ठरली. नाईलच्या काठची गोष्ट कोकणातल्या ओहोळात मांडली गेली होती. तिला तेथे इजिप्तसारखे रूप मात्र आले नाही. केंद्र लहानसेच राहिले आणि काळाच्या ओघात विझत गेले. बारमाही कालव्यांचे जाळे नाही, बुलिनसची दाट वस्ती नाही, आणि पावसाळा सरला की ओढे आटतात. अशा मुलखात तोच कृमी दोन-चार वाड्यांपलीकडे जाऊ शकत नाही. कोकणच्या माणसाच्या आणि नाईलकाठच्या माणसाच्या घडणीत काही भेद असतीलच, परंतु गिमवीचा निकाल लागला तो पाण्याच्या हिशेबावर.

इजिप्तचाही निकाल अखेर तसाच लागला, फक्त तो फार उशिरा आणि फार मोठ्या किमतीला लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत सरकारने गावोगाव अँटिमनीच्या इंजेक्शनांची मोहीम राबवली. सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि कृमी हटवता हटवता हिपॅटायटिस सी चा विषाणू साऱ्या देशाच्या रक्तात पसरला. लोककल्याणाच्या हेतूने काढलेल्या हुकमाने इतके नुकसान केल्याची उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात फार थोडी सापडतील. त्यानंतर आले प्राझिक्वांटेल, तोंडाने घ्यावयाचे, बहुधा एकाच मात्रेत काम करणारे औषध. आणि गोगलगायींवरचे उपाय व शाळांतील तपासण्या ह्यांच्या जोडीने त्याने कृमीला मागे रेटले. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नोंदींत हा पालट स्पष्ट वाचता येतो. सत्तरच्या दशकात तेथे येणाऱ्या सर्व कर्करोग्यांत मूत्राशयाच्या रोग्यांचे प्रमाण सुमारे २८ टक्के होते, ते २००० नंतर सुमारे १२ टक्क्यांवर उतरले; त्या रोग्यांतील शल्की पेशींचा प्रकार तीन-चतुर्थांशावरून एक-चतुर्थांशाच्या थोडा वर आला; आणि रोग्याचे मध्यम वय सत्तेचाळीसवरून साठीवर सरकले. म्हणजे इजिप्तचा रोग आता जगाच्या इतर भागांतल्या रोगासारखा दिसू लागला आहे, तंबाखूचा आणि म्हातारपणाचा. जीएसटीएम-१ नसलेल्यांचे प्रमाण एका पिढीत बदलण्याइतके उत्क्रांतीचे चाक वेगाने फिरत नाही.

मग जनुकांचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे, कोणत्या विकराच्या अभावी धोका वाढतो हे कळले की विष कोणते हे उलट वाटेने कळते. जनुक हा येथे साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. दुसरे अधिक निकडीचे. साठ-सत्तरच्या दशकांत कालव्यात डुंबलेली मुले आज साठीत-सत्तरीत आहेत; कृमी मेले, परंतु भिंतीतला चुना आणि डीएनएवरचे ठसे गेलेले नाहीत. ह्या लक्षावधी लोकांपैकी कोणाच्या मूत्राशयात दुर्बीण घालून वारंवार पाहावे आणि कोणाला घरी जाऊ द्यावे, हे ठरवण्यास वारशाचा दाखला उपयोगी पडला तर तो फार मोठा उपयोग होईल. आजच्या घटकेस मात्र कोणत्याही एका जनुकाच्या साक्षीवर असा निवाडा देता येईल, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. पुढील प्रकरणांत ह्या साक्षींची एकेक करून उलटतपासणी केली आहे, आणि जेथे साक्ष फुटली आहे तेथे तसे नमूद केले आहे.

इजिप्तपुरताच हा विषय असता तर तो इतिहासाकडे सोपवून मोकळे होता आले असते. परंतु मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, टांझानिया अशा देशांत हा कृमी आजही मुलांच्या शिरांत नांदत आहे आणि शल्की पेशींचा कर्करोग तेथील इस्पितळांत नित्याचा आहे. त्यामुळे ज्या लोकसंख्येत प्रवणतेचे प्रश्न आज खऱ्या अर्थाने विचारता येतील ती तेथे आहे, आणि जनुकांच्या पाहण्या आतापर्यंत मुख्यतः कैरोत झाल्या आहेत. म्हणून ग्रंथाच्या उत्तरार्धाचा मोठा भाग आफ्रिकेच्या ह्या दक्षिण-पूर्व पट्ट्याला, तेथल्या तळ्यांना आणि तेथे प्राझिक्वांटेलच्या गोळ्या वाटणाऱ्या शाळांना दिला आहे.